आपणच वसवलेल्या जगाची झडती

जादूगार व्हायचं तर रीतसर शाळेत जावं लागतं. तिथे विषयवार गुरुजी असतात, वसतिगृह असतं, मुलामुलांत हेवेदावे असतात आणि एखाद्या हुशार पण आगाऊ पोराच्या हातून भलतंच काहीतरी होऊन बसतं. एवढं वर्णन ऐकलं की आज कोणालाही हॅरी पॉटर आठवतो. हॅरीचं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं. त्याच्या २९ वर्षं आधी, १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेने 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी छापली होती. जादूची शाळा त्या कादंबरीतही होती, रोक नावाच्या बेटावर. लेखिका होत्या उर्सुला क्रोबर ल ग्विन.

रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. बायकांना जादू येत असे, पण ती गावठी, तोडगे आणि औषधपाण्यापुरती. बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि वाईट, अशा अर्थाच्या म्हणीच त्या जगात रूढ होत्या. लिहिताना लेखिकेला स्वतःला यात काही वावगं वाटलं नव्हतं. जादूगार म्हटला की पुरुषच, हे सगळ्यांसारखंच त्यांनीही धरून चाललं होतं.

पुढे ते त्यांना खटकलं. मोठं नाव झालेलं, बक्षिसं मिळालेली, शाळांतून मुलं वाचत असलेली ती पुस्तकं तशीच ठेवून पुढे जाता आलं असतं. ल ग्विनबाई तशा पुढे गेल्या नाहीत. आपणच वसवलेल्या जगात त्या पुन्हा शिरल्या आणि इथे हे असं का आहे, याची झडती घेतली. कल्पित जगं रचणारे लेखक पुष्कळ झाले. आपल्या जगाचे कायदे पुन्हा तपासायला बसणारे फार थोडे. बाईंचं वेगळेपण त्यात आहे.

क्रोबरांचं घर

उर्सुला यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत झाला. वडील अल्फ्रेड क्रोबर म्हणजे अमेरिकी मानववंशशास्त्रातलं बडं प्रस्थ. फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली कोलंबिया विद्यापीठात १९०१ मध्ये डॉक्टरेट करून ते कॅलिफोर्नियात आले आणि बर्कलीच्या विद्यापीठात या विषयाचा विभाग त्यांनी उभा केला. कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषा, कथा, नातेसंबंध, विधी नोंदवून ठेवण्यात त्यांची हयात गेली. आई थिओडोरा लिहायला लागल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, पण त्यांच्या एका पुस्तकाने नवऱ्याच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा जास्त वाचक मिळवले.

ते पुस्तक इशीबद्दल होतं. 'याही' नावाच्या जमातीतला शेवटचा उरलेला हा माणूस ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एकटा, उपाशी अवस्थेत सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत आणि उपासमारीत त्याचे सगळे लोक संपले होते. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवलं. मार्च १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. आपलं खरं नाव त्याने अखेरपर्यंत कोणालाही सांगितलं नाही. त्याच्या लोकांत तशी रीतच नव्हती. इशी हे क्रोबरांनी वापरलेलं नाव, त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. उर्सुला जन्मल्या इशी गेल्यानंतर १३ वर्षांनी. घरात वडील त्याच्याविषयी फारसं बोलत नसत, आणि आईचं पुस्तक आलं १९६१ मध्ये. त्यामुळे उर्सुलाच्या कथांतली जादू थेट इशीपाशी नेऊन जोडणं घाईचं होईल. एवढं मात्र खरं की हे घर साधं नव्हतं. एका माणसाला जे सहज, स्वाभाविक वाटतं ते डोंगरापलीकडच्या माणसाला चमत्कारिक वाटतं आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, ही गोष्ट इथे मुलांना जेवणाच्या टेबलावर कळत होती.

उन्हाळ्यात सगळं कुटुंब नापा खोऱ्यातल्या 'किशामिश' नावाच्या जुन्या मळ्यावर मुक्कामाला जाई. तिथे पाहुण्यांचा राबता असे. युरोक जमातीचे रॉबर्ट स्पॉट आणि पापागो जमातीचे हुआन डोलोरेस आठवडेच्या आठवडे राहायला येत. मुलांचे ते काकाच झाले होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे रॉबर्ट ओपेनहायमर हेही क्रोबरांकडे येणाऱ्यांपैकी. पुढे 'द डिस्पझेस्ड' या कादंबरीतला शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ रंगवताना बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांचा चेहरा होता.

वडिलांच्या कपाटात लाओ त्झूच्या 'ताओ ते चिंग'ची एक प्रत होती. आपल्या अंत्यविधीच्या वेळी वाचायच्या प्रकरणांवर वडिलांनी त्यात खुणा करून ठेवल्या होत्या. ओढाताण न करता, गोष्टींच्या कलाने चालण्याचा तो विचार मुलीच्या मनात कोवळ्या वयात रुजला. १९९७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी त्या ग्रंथाचा स्वतःचा इंग्रजी पाठ प्रसिद्ध केला. मधल्या काळातल्या त्यांच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कथेत तो विचार कुठे ना कुठे वावरताना दिसतो.

साभार परत

अकराव्या वर्षी उर्सुलाने 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथांच्या मासिकाला कथा पाठवली. ती साभार परत आली. त्यानंतर रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवी, कोलंबियातून फ्रेंच साहित्यात एम. ए., आणि १९५३ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर फ्रान्सला प्रयाण. 'क्वीन मेरी' बोटीवर त्यांना चार्ल्स ल ग्विन भेटले. ते इतिहासाचे विद्यार्थी, तेही शिष्यवृत्तीवरच निघालेले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये लग्न झालं. उर्सुलांनी डॉक्टरेटचा नाद सोडला. चार्ल्स यांना ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या महाविद्यालयात नोकरी लागली आणि १९५९ पासून जन्मभर त्या शहरातच त्यांचा संसार झाला. दोन मुली, एक मुलगा.

१९५०च्या दशकात त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्या बहुतेक ऑर्सिनिया नावाच्या एका कल्पित मध्य युरोपीय देशातल्या. प्रकाशकांना त्यांचं काय करावं ते कळेना. वास्तववादी म्हणाव्या तर देश नकाशावर नाही, अद्भुत म्हणाव्या तर त्यात जादू नाही. पाच कादंबऱ्या पडून राहिल्या. १९६१ मध्ये पहिली कथा छापून आली ती एका वाङ्मयीन त्रैमासिकात. मानधन नव्हतं. १९६२ मध्ये 'फँटॅस्टिक' मासिकाने 'एप्रिल इन पॅरिस' घेतली आणि पैसेही दिले. अद्भुताच्या बाजारात आपल्याला दार उघडं आहे हे ध्यानात आल्यावर बाई तिकडे वळल्या. त्या बाजाराला साहित्यिक मंडळी नाकं मुरडत. बाईंनी मात्र त्याला कधी कमी लेखलं नाही.

लिहायला वेळ मिळे तो मुलं झोपल्यावर. घरकाम नवराबायकोने वाटून घेतलं होतं. एका माणसाला दोन पूर्ण वेळाच्या नोकऱ्या झेपत नाहीत, पण दोघांना मिळून तीन झेपतात, असा त्यांचा हिशेब होता: चार्ल्सचं शिकवणं, उर्सुलाचं लेखन आणि दोघांचं घर. प्रतिभावंताने संसार सोडून माडीवर कोंडून घ्यायला हवं, ही समजूत त्यांनी कायम थट्टेवारी नेली. मुलं मोठी झाल्यावर त्यांचा दिनक्रम पहाटे सुरू होई, सकाळभर लेखन चाले, आणि रात्री आठनंतर आपलं डोकं अगदीच चालेनासं होतं असं त्या मोकळेपणी सांगत.

बेटं, नावं आणि पाऊस

१९६४ मध्ये 'फँटॅस्टिक'मध्येच त्यांच्या दोन लघुकथा आल्या. दोन्ही बेटाबेटांच्या एका जगात घडणाऱ्या. त्या जगात प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. १९६७ मध्ये बर्कलीच्या पार्नासस प्रेसचे हर्मन शाइन यांनी त्यांच्याकडे किशोरवयीन मुलांसाठी पुस्तक मागितलं. मुलांसाठी त्यांनी तोवर काही लिहिलं नव्हतं. विचार करता करता एक साधा प्रश्न सुचला. गोष्टींतले सगळे जादूगार पांढऱ्या दाढीचे म्हातारेच कसे? हे म्हातारे पंधरा वर्षांचे होते तेव्हा काय करत होते? जादू शिकले कुठे? या प्रश्नातून रोकची शाळा निघाली आणि गेड नावाचा मुलगा निघाला.

लिहिण्याआधी बाईंनी एक मोठा कागद पसरून त्या द्वीपसमूहाचा, म्हणजेच अर्थसीचा, नकाशा काढला. बेटांना नावं दिली, त्यांतल्या तीन लहान बेटांना आपल्या मुलांची घरातली लाडाची नावं. नकाशात जिथे जाऊन त्या थांबल्या नव्हत्या तिथे काय असेल, हे त्यांनाही कथा लिहिता लिहिताच कळत गेलं.

खऱ्या नावाची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. कोकणात काय किंवा देशावर काय, रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, नाहीतर 'जनावर'. नाव घेतलं की तो येतो. ल ग्विनबाईंनी हीच जगभर पसरलेली जुनी समजूत उचलली आणि तिचं शास्त्र बनवलं. शास्त्र म्हटलं की अभ्यास आला. रोकच्या शाळेत एक एकाकी मनोरा आहे. तिथे नामगुरू मुलांना याद्या देतात: एका झुडपाच्या पानाचं, पाकळीचं, मुळाचं, किंवा एका समुद्राच्या प्रत्येक उपसागराचं, खाडीचं, खडकाचं नाव. यादी मध्यरात्रीच्या आत पाठ व्हायला हवी, कारण मध्यरात्री शाई उडून जाते आणि कागद कोरा होतो. जादूची कांडी फिरवण्याआधी हे पाठांतर. अद्भुतकथेत इतकी घोकंपट्टी क्वचितच कोणी घातली असेल.

दुसऱ्या एका गुरूपाशी गेड हातचलाखी शिकतो. गुरू खड्याचा हिरा करून दाखवतात, पण तो दिसण्यापुरता. गेड विचारतो, हा हिराच राहावा असं करता येईल का? येईल, पण मग त्या खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एका खड्याचं नाव बदलणं म्हणजे जगाची घडी विसकटणं. परिणाम ठाऊक असल्याशिवाय वाळूच्या कणालाही हात लावू नये, हा त्या शाळेतला पहिला आणि शेवटचा धडा. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो.

हा विचार कादंबरीत उपदेशासारखा येत नाही. तो येतो ओगियनच्या रूपाने. ओगियन हा गेडचा पहिला गुरू, भूकंप थोपवल्याची ज्याची ख्याती आहे असा. गेड त्याच्याबरोबर डोंगरातून चालला असताना पाऊस लागतो. बारीकसारीक जादूगारही मंत्र टाकून पाऊस बाजूला सारतात. ओगियन एक घनदाट झाड बघतो आणि त्याखाली आडवा होतो. गेड ओल्या झुडपांत कुडकुडत बसतो आणि मनात चरफडतो: ताकद असून ती वापरायची नसेल तर ती हवी कशाला? याचं उत्तर त्याला पुस्तकभर किंमत मोजून मिळतं. शाळेत एका श्रीमंत, छद्मी मुलाच्या डिवचण्यावरून तो मेलेल्या स्त्रीचा आत्मा बोलावून दाखवायला जातो. फट पडते, तिच्यातून एक काळी सावली बाहेर येते, त्याचा चेहरा फाडते, आणि ती फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख प्राणाला मुकतात. पुढची सगळी कथा म्हणजे आधी सावली मागे आणि गेड पुढे, मग गेड मागे आणि सावली पुढे. तलवारीने तिचा निकाल लागत नाही. अखेरीस भर समुद्रात दोघं समोरासमोर येतात आणि एकमेकांना नावाने हाक मारतात. नाव एकच असतं.

टोल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आठवा. तिथे वाईट शक्ती पूर्वेच्या एका काळ्या प्रदेशात बसलेली आहे, तिच्यावर चाल करून जाता येतं. अर्थसीत चाल करून जायचं ते स्वतःवर. युद्ध नाही, फौजा नाहीत, राजकन्या जिंकून आणणं नाही. बाईंना टोल्किन फार आवडत, पण त्यांची नक्कल करायची नाही हे त्यांनी ठरवलेलं होतं.

राजाला दिवस जातात तेव्हा

१९६९ मध्ये आलेल्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'ने त्यांना जगभर नेलं. तीही सहजी छापली गेली नव्हती. जून १९६८ मध्ये एका संपादकाने त्यांच्या एजंटला पत्र लिहून कळवलं होतं की तपशिलांच्या भाराखाली ही कथा वाचवत नाही. पुढे बाईंनी ते नकारपत्र, पाठवणाऱ्याचं नाव झाकून, नव्या लेखकांना धीर यावा म्हणून सर्वांना वाचायला खुलं करून ठेवलं. त्या कादंबरीला विज्ञानकथेसाठीचे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. कादंबरीसाठीचा ह्यूगो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

ती गोष्ट गेथेन या बर्फाळ ग्रहावरची. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष अशी असतात. महिन्यातून काही दिवस त्यांच्यात कामभावना जागते आणि त्या वेळी कोण स्त्री होईल, कोण पुरुष, हे आधी सांगता येत नाही. एकच माणूस तिघांची आई आणि दोघांचा बाप असू शकतो. राजाला दिवस गेल्याची बातमी तिथे राजकारणातली साधी बातमी असते. पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय याला हे बराच काळ पचत नाही, आणि वाचक बहुतांशी त्याच्याच डोळ्यांनी बघत असल्याने वाचकालाही आपली अडचण कळून येते. क्रोबरांच्या मुलीने इथे वडिलांची पद्धत वापरली होती: एका समाजातला एकच धागा बदलायचा आणि मग घर, सत्ता, युद्ध, लाजलज्जा यांत काय काय बदलतं ते शांतपणे टिपत जायचं.

पण गेथेनी माणसांसाठी सर्वनाम मात्र त्यांनी 'तो' असंच वापरलं. स्त्रीवादी वाचकांनी त्यावर बोट ठेवलं: मग आमच्या डोळ्यांपुढे सगळे पुरुषच उभे राहतात, त्याचं काय? १९७६ मध्ये बाईंनी एक निबंध लिहून आपली बाजू मांडली. दहा-बारा वर्षांनी तोच निबंध पुन्हा छापण्याची वेळ आली तेव्हा जुना मजकूर त्यांनी जसाच्या तसा ठेवला आणि त्याच्या सोबतीने स्वतःच्याच म्हणण्याला आक्षेप घेणाऱ्या नव्या टिपा छापल्या. दोन्ही वयांच्या ल ग्विन एकाच पानावर वाद घालताना दिसतात. जुना मजकूर गुपचूप सुधारून टाकणं सोपं होतं. तसं करणं म्हणजे चूक झालीच नव्हती असं दाखवणं, आणि ते त्यांना मान्य नव्हतं.

अठरा वर्षांनी परत

अर्थसीचा दुसरा भाग 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' १९७१ मध्ये आला. त्यात तेनार नावाची मुलगी आहे. लहानपणीच तिला घरातून उचलून एका देवस्थानाची मुख्य पुजारीण केलं जातं आणि तिचं नावही काढून घेतलं जातं. अंधाऱ्या भुयारांत ती राज्य करते आणि तीच तिची कैद. तिसरा भाग 'द फार्देस्ट शोअर' १९७२ चा. त्याला १९७३ मध्ये बालसाहित्याचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. गेड महाजादूगार झाला होता, राजा सिंहासनावर बसणार होता, तिन्ही पुस्तकं एकत्र शोभत होती. तीही एक पूर्ण गोष्ट होती.

चौथं पुस्तक आलं १९९० मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी. 'तेहानू'. ते उघडताना ज्यांना ड्रॅगन आणि मंत्रयुद्धं हवी होती त्यांची निराशा झाली. तेनार आता मध्यमवयीन विधवा आहे, एका शेतकऱ्याची बायको म्हणून जगलेली. तिच्या पदरात एक पोर येऊन पडतं. नात्यातल्याच माणसांनी अत्याचार करून त्या मुलीला आगीत टाकलेलं असतं, अर्धा चेहरा आणि एक हात जळालेला. गेड परत येतो तो सगळी शक्ती गमावून, आणि शेळ्या राखायला जातो. पुस्तक विचारतं: ज्यांच्याकडे मंत्र नाहीत ती माणसं या थोर जगात कशी जगत होती? जळालेल्या मुलीचं काय? जेवण झाल्यावर ताटं कोणी उचलायची? काही वाचक चिडले, बाईंनी गोष्टीत स्त्रीवाद घुसडला म्हणाले. त्या पुस्तकाला नेब्युला मिळालं, पण महत्त्वाचं ते नाही. तेच डोंगर, तेच बेट, तेच ओगियनचं घर, फक्त बघणारी व्यक्ती बदलल्यावर सगळं जग वेगळं दिसू लागलं, हे त्यांनी करून दाखवलं.

'तेहानू'च्या मुखपृष्ठावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं. २००१ मध्ये आणखी दोन आली. 'टेल्स फ्रॉम अर्थसी' या कथासंग्रहात त्या इतिहासाच्या तळाशी गेल्या. रोकची शाळा स्थापन करण्यात बायकांचा मोठा हात होता, त्यांना बाहेर काढलं गेलं ते पुढे, आणि मग ते काढल्याचंही विसरलं गेलं, असं त्यात उघड होतं. जुन्या पुस्तकांतला एकही शब्द त्यांनी बदलला नाही. म्हणी होत्या तशाच राहिल्या, फक्त त्या कोणी आणि कशासाठी रूढ केल्या ते वाचकाला कळलं. आणि 'दि अदर विंड'मध्ये त्यांनी आपल्या जगातल्या सगळ्यात जुन्या रचनेला हात घातला: मृतांचा तो कोरडा, तारे न हलणारा प्रदेश आणि त्याच्या सीमेवरची दगडी भिंत. हा प्रदेश निसर्गाने दिलेला नसून अमर होण्याच्या हव्यासापोटी माणसांनी बळकावलेला आहे, असं निघतं. शेवटी ती भिंत जिवंत आणि मृत मिळून दगड दगड करून पाडतात.

एका ओळीत सांगायचं तर पहिल्या पुस्तकात गेडने स्वतःच्या सावलीला नाव दिलं आणि पुढच्या ३३ वर्षांत लेखिकेने आपल्या जगाच्या सावलीला.

कातडीचा रंग

एका बाबतीत मात्र त्या पहिल्यापासून सावध होत्या. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा, त्याचा जिवलग मित्र वेच काळा, द्वीपसमूहातली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी. गोरे आहेत ते कार्गाद बेटांवरचे, आणि कथेत ते प्रथम येतात तेच लुटारू म्हणून. बाईंनी हे ठळक न करता, ओघात आणलं. गोरा वाचक गेडशी पुरता एकरूप झाल्यावर त्याला नायकाच्या रंगाचा पत्ता लागावा, हा त्यांचा डाव होता. मुखपृष्ठं काढणाऱ्यांनी तो हाणून पाडला. वर्षानुवर्षं गेड मुखपृष्ठांवर गोरापान छापला जात होता आणि लेखिका दरवेळी भांडत होती. २००४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर अर्थसीची मालिका आली, तीतही गेड गोरा. त्या वेळी त्यांनी जाहीर लेख लिहून निर्मात्यांना धारेवर धरलं. २००६ मध्ये जपानच्या स्टुडिओ घिब्लीने अर्थसीवर चित्रपट काढला, तोही त्यांच्या मनासारखा उतरला नाही.

इतर घरं

अर्थसीवरच बोलत राहिलं तर बाईंचं अर्धं कामच सांगून होईल. १९७३ मध्ये आलेली 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलस' ही जेमतेम काही पानांची कथा आज जगभर तत्त्वज्ञानाच्या वर्गांत वाचली जाते. एक सुखी, सुंदर नगरी. तिचं सगळं सुख एका तळघरात कोंडून ठेवलेल्या एका मुलाच्या हालांवर उभं आहे, आणि हे सगळ्या नागरिकांना ठाऊक आहे. बहुतेक जण रडतात, मग सरावतात. काही जण मुकाट्याने शहर सोडून निघून जातात. जाणारे बरोबर की पळपुटे, हे कथा सांगत नाही. नगरीचं नाव सुचलं ते मोटारीच्या आरशात 'सेलम, ऑरेगन' ही पाटी उलटी वाचताना.

१९७४ ची 'द डिस्पझेस्ड' दोन जुळ्या ग्रहांची: एकावर संपत्ती आणि विषमता, दुसऱ्यावर सरकार, पोलीस, मालमत्ता काहीच नसलेला गरीब समाज. बाईंची सहानुभूती दुसऱ्याकडे उघड आहे, आणि तरी त्या समाजातही लोकलाजेची हुकूमशाही कशी फोफावते ते त्यांनी बारकाईने दाखवलं. १९८५ च्या 'ऑल्वेज कमिंग होम'मध्ये तर कादंबरीचा साचाच मोडला. दूरच्या भविष्यकाळात नापा खोऱ्यात राहणाऱ्या केश नावाच्या लोकांची ती जणू मानववंशशास्त्रीय वही आहे: गाणी, नाटकं, नकाशे, पाककृती, शब्दकोश, आणि सोबत त्या लोकांच्या संगीताची ध्वनिफीत. लहानपणीचा किशामिशचा मळा त्यांनी असा परत मिळवला.

लेखनाच्या कारागिरीवरही त्यांनी पुष्कळ लिहिलं. १९७३ च्या एका निबंधात त्यांनी एका समकालीन अद्भुत कादंबरीतला संवाद घेतला, त्यातली चार-पाच विशेषनामं बदलली, आणि तो वॉशिंग्टनमधल्या राजकारण्यांच्या कादंबरीत चपखल बसतो हे दाखवून दिलं. सरदार आणि सेनापती जर कार्यालयातल्या साहेबांसारखेच बोलत असतील तर ते जग उभंच राहिलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. वास्तववादी लेखकाला जग आयतं मिळतं. अद्भुत लिहिणाऱ्याकडे भाषेवाचून दुसरं काही नसतं.

बाणेदारपणा

१९७७ मध्ये त्यांच्या एका कथेला नेब्युला मिळणार होतं. त्याच सुमारास अमेरिकी विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांचं मानद सदस्यत्व काढून घेतलं होतं. निषेध म्हणून बाईंनी पुरस्कार नाकारला. तो मग गेला आयझॅक असिमोव्ह यांच्याकडे. २००९ मध्ये गूगलच्या ग्रंथ-डिजिटायझेशन तडजोडीला मान्यता दिली म्हणून लेखकांच्या दुसऱ्या एका संघटनेचा त्यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्यांना जीवनगौरव पदक दिलं. न्यूयॉर्कच्या त्या समारंभात, प्रकाशक आणि विक्रेते समोर बसलेले असताना, ८५ वर्षांच्या बाईंनी त्यांनाच सुनावलं: पुस्तक हा बाजारातला माल नव्हे, ग्रंथालयांकडून ई-पुस्तकांचे अवाच्या सवा पैसे उकळणं थांबवा, भांडवलशाही अटळ वाटते खरी पण कधीकाळी राजांचा दैवी अधिकारही तसाच वाटत होता. तो सन्मान त्यांनी आपल्याबरोबरीच्या अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांशी वाटून घेतला. साहित्याच्या पंगतीत ज्यांना इतकी वर्षं पानच वाढलं नव्हतं, त्यांच्या वतीने तो घेत असल्याचं त्यांनी सांगितलं.

२२ जानेवारी २०१८ रोजी पोर्टलंडमधल्या राहत्या घरी त्या गेल्या. वय ८८. २०२२ पासून त्यांच्या नावाने कथा-कादंबरीसाठी २५,००० डॉलरचा पुरस्कार दिला जातो.

कल्पित जग म्हणजे पळवाट, असं म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांनी अर्थसी जरूर वाचावं. आपण जिथे राहतो ते जग कोणीतरी रचलेलं आहे, त्याच्या म्हणी कोणीतरी रूढ केल्या आहेत, आणि ते बदलता येतं, एवढं जर एखादी कथा शिकवत असेल तर ती पळवाट कशी? घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर त्याच्या हाती पहिलं पुस्तक द्या, आणि हॅरी पॉटर वाचून झालं असेल तर आणखी चांगलं. मोठ्यांनी मात्र तिसऱ्यापाशी थांबू नये. ल ग्विनबाईंची खरी ओळख चौथ्या पुस्तकापासून सुरू होते.